वैनगंगेच्या टापूवरचे बुलबुल

मिरजेच्या फलाटावर मला निरोप द्यायला कुणी आलं नव्हतं. जिला यायचं होतं, तिला डॉक्टरांनी जिना उतरायलाही बंदी केली होती. ती प्रतिभा, आमच्या वरच्या मजल्यावर नवऱ्याबरोबर भाड्याने राहणारी. मिरजेतल्याच एका दवाखान्यात नर्स आहे, आणि माहेर थेट गडचिरोली जिल्ह्याच्या वेशीवर. सातवा महिना चालू होता. याआधी दोनदा दिवस राहून गर्भ गेला होता, त्यामुळे या खेपेला तिने पलंग सोडायचा नाही असं ठरलं होतं, आणि तिचं ताट आमच्याकडून वर जायचं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही राहिलं.

मी पोस्टातून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला आणि पक्षी बघत हिंडायला लागले. एके दिवशी मी तिला शिरा द्यायला वर गेले, तेव्हा ती म्हणाली, "काकू, तुम्ही पक्षी बघायला कुठे कुठे जाता. एकदा आमच्या वाडीत जाऊन या ना. मोठे नाहीत, नेहमीचेच पक्षी आहेत. पण तुम्ही बघून आलात की मला जाऊन आल्यासारखं वाटेल."

असं आमंत्रण मला आजवर कुणी दिलं नव्हतं. मी तिकीट काढलं.

मिरजेहून गोंदियापर्यंत एकच गाडी. तिथून बल्लारशाकडे जाणारी पॅसेंजर धरायची आणि वडसा स्टेशनवर उतरायचं. पॅसेंजरच्या दोन्ही बाजूंना कापून गेलेल्या धानाची खुंटं, मध्ये मध्ये हिरवट पाण्याच्या बोड्या (लहान तळी), आणि बांधांवर फुललेले पळस. मार्च संपत आला होता. सागाची पानं गळून गेलेली, त्यामुळे जंगलाच्या आरपार दिसत होतं. समोर एक बाई टोपली मांडीवर घेऊन बसली होती. तिने माझ्या कॅमेऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"कुठी जाऊन राह्यल्या, बाई?"

"वैनगंगेतल्या टापूवर. पक्षी बघायला."

"वाघ नाई पाहात?"

"टापूवर वाघ कुठला?"

"वाघाले पोहता येते नं," ती शांतपणे म्हणाली आणि टोपलीतली चार बोरं माझ्या हातावर ठेवली.

वडशाहून ऑटोने नदीवर आले. काठावर प्रतिभाचे वडील लहानूभाऊ डोंगा (लाकडी होडी) घेऊन उभे होते. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला पंचा. त्यांनी आधी कॅमेऱ्याची पिशवी हातात घेतली, ती नीट कोरड्या फळीवर ठेवली आणि मग मला हात दिला. तरीही मी चढताना पाय घसरून घोटाभर चिखलात उभी राहिलेच. उजवी चप्पल नदीने ठेवून घेतली. लहानूभाऊंनी वल्ह्याने चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या जी. घरी प्रतिभाची हाये, थे घाला."

पलीकडे चंद्रपूर जिल्हा, अलीकडे गडचिरोली. मधल्या पात्रात नदी दुभंगते आणि तिच्या दोन धारांमध्ये हा टापू (बेट) राहतो. दहा-बारा घरं, आंब्याची जुनी झाडं, बांबूची बेटं आणि प्रत्येक घरामागे वाडी, म्हणजे भाजीपाल्याची कुंपण घातलेली जागा. मी विचारलं, "टापू कुठल्या जिल्ह्यात येतो?"

"कागदावर गडचिरोली," लहानूभाऊ वल्हवत म्हणाले. "पुराच्या टायमाले जिकडचा काठ जवळ पडला, तिकडचा."

सुभद्राबाई, प्रतिभाची आई, धारेच्या कडेलाच उभ्या होत्या. साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, माझ्या एका अनवाणी पायाकडे पाहिलं, पण हसल्या नाहीत. पहिला प्रश्न विचारला तो असा: "पोरगी बराबर जेवते का?"

मी म्हटलं, जेवते.

"खरं सांगा."

"सकाळी जेवते. रात्री ताटात उरवते."

"हं," त्या म्हणाल्या. खरं सांगितल्यामुळे त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी लगेच माझा हात धरला.

दुपारी अंगणात खाटेवर बसले असताना सुभद्राबाई आतून म्हणाल्या, "बाई, पोपट खाता नं? शेवटचा तोडा हाये, पोपटाचीच भाजी टाकून राह्यली."

माझा चेहरा बघून लहानूभाऊंना हसू आवरेना. ते उठले, वाडीत गेले आणि चपट्या हिरव्या शेंगांची ओंजळ आणून माझ्यासमोर धरली. आपल्याकडच्या वालाच्या जातीतल्या या शेंगांना इथे पोपट म्हणतात. पोपट आणि वांगं, वर मोकळा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि नदीतले भाजलेले झिंगे (कोळंबी). मी दोनदा भात घेतला. प्रतिभा ताटात का उरवते ते तेव्हा कळलं. आमच्या घरची चव तिच्या जिभेची नव्हती.

ऊन उतरल्यावर सुभद्राबाईंनी मला वाडी दाखवली. वांगी, मिरच्या, पपई, कुंपणावर चढलेला वेल, मधे जास्वंद, आणि आंब्याखाली जुन्या रांजणाचं फुटकं बूड जमिनीत पुरून त्यात पाखरांसाठी पाणी भरलेलं. मी बसल्या जागी अर्ध्या तासात चौदा जाती मोजल्या. सगळ्या ओळखीच्या, कुणाच्याही परसात येणाऱ्या. साळुंक्या, होले, चिमण्या, जास्वंदीच्या फुलात चोच खुपसणारा शिंजीर, पपईच्या पानामागे टिवटिवणारा शिंपी, कुठे बसलाय ते न दिसता टुक टुक करत राहणारा तांबट.

सुभद्राबाईंची यातल्या बहुतेकांसाठी स्वतःची नावं होती. पहाटे बांबूच्या टोकावरून गाणारा दयाळ म्हणजे "मास्तर", कारण तो उठवतो. सातभाईंचा थवा "पंचायत". काळा कोतवाल "हवालदार". आणि आंब्यावर येणारा तांबूस रंगाचा, लांब शेपटीचा टकाचोर, त्याला त्या "लांबशेपट्या" म्हणत. हे एकच नाव उच्चारताना त्यांच्या कपाळाला आठी पडली.

वाडीच्या कोपऱ्यात लिंबाचं झाड होतं. त्याच्या अलीकडे चार पावलांवर दोन काठ्यांना जुनं लुगडं आडवं बांधलं होतं.

"याच्या पल्याड जाऊ नका, बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बुलबुल बसली हाये. तीन पिल्लं. तीनच दिवस झाले."

लुगड्याच्या कडेवरून पाहिलं. छातीच्या उंचीवर, काट्यांच्या आत, वाटीएवढं घरटं होतं. वर काळा तुरा दिसला, मग शेपटीखालचा लाल ठिपका, आणि मादी पानांत बुडून गेली.

"यंदा दोनदा मोडलं तिचं," सुभद्राबाई म्हणाल्या. "पहिल्यांदी सापानं अंडे खाल्ले. मंग वारं आलं, खालती पडलं. हे तिसरं. मी पाण्याची वाट बदलली, कपडे वाळवाचं बदललं. ह्यायले बी सांगतलं, लिंबू पाहिजे तर दुसऱ्याकडून आना."

मी त्यांच्याकडे पाहिलं. दोनदा मोडलं आणि हे तिसरं, हे मला मिरजेच्या वरच्या मजल्यावरूनच माहीत होतं.

सहाच्या सुमाराला त्या मला नदीच्या उंच काठावर घेऊन गेल्या. तिथे एक निकामी डोंगा पालथा घातला होता. त्यावर उभं राहिलं तरच मोबाईलला रेंज मिळते. रोज याच वेळी प्रतिभाचा फोन येतो.

"काय म्हनते माय?" स्पीकरवर पलीकडून आवाज आला. माझ्याशी नीट प्रमाण मराठीत बोलणारी प्रतिभा आईशी बोलताना एकदम टापूवरची झाली होती.

"बरी हाये. तुझ्या काकूनं पोपट खाल्ला." दोघी हसल्या. मग सुभद्राबाईंनी घरट्याची खबर सांगितली. आज मादीने काय आणलं, नर कुठे बसला होता, किती वेळा फेऱ्या झाल्या. तपशील इतका बारीक होता की मी वहीत लिहून घ्यायला हवा होता. पलीकडे प्रतिभा मधूनमधून फक्त "मंग?" म्हणत होती. शेवटी तिने विचारलं, "तिन्ही हायेत नं?"

"तिन्ही हायेत."

फोन ठेवून पालथ्या डोंग्यावरून उतरताना सुभद्राबाईंनी पदराने डोळे पुसले. मी त्यांना उतरायला हात दिला.

दुसरा दिवस मी नियमाने काढला. लुगड्याच्या अलीकडे पाट टाकून बसले. फोटो काढले, पण प्रत्येक फोटोत एखादं पान आडवं यायचं. पिल्लांच्या चोचीचं टोक दिसायचं, बाकी हिरवा धूसर पडदा. संध्याकाळी प्रतिभाने मुद्दाम मला फोनवर घेतलं. "काकू, फोटो काढलात? मला पिल्लं बघायची आहेत हो."

"काढते," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे सुभद्राबाई मोहफुलं वेचायला पलीकडच्या काठावर गेल्या. लहानूभाऊच त्यांना घेऊन गेले. मोह पहाटे गळतो, त्यामुळे त्या आठ-नऊपर्यंत यायच्या नव्हत्या. घरी मी एकटीच. सात वाजता ऊन वाडीत आलं आणि तिरपं होऊन नेमकं लिंबाच्या झाडावर पडलं. असा उजेड दहा मिनिटं टिकतो. मी लुगड्याखालून वाकून पलीकडे गेले.

पुढचं मी जसं झालं तसं सांगते. घरट्यासमोर एक फांदी आडवी होती. ती मी दोन बोटांनी बाजूला केली आणि दुसऱ्या फांदीमागे अडकवली. घरटं उघडं झालं. पिल्लांचे डोळे नुकते किलकिले झाले होते, पाठीवर पिसांचे निळसर कोंब. मी आले म्हणजे आई आली असं समजून तिघांनी एकदम चोची उघडल्या, आतून शेंदरी. मी सात-आठ फोटो काढले. मग फांदी सोडवायला गेले, तर ती पेरातच मोडली. नुसत्या सालीवर लोंबायला लागली. मी ती वर धरून पाहिली, काटे हातात घुसले, माझ्या केसांची पिन काढून ती अडकवून पाहिली. ती राहीना. घरट्यावरची सावली गेली होती. घरटं आता दुरूनही दिसत होतं.

बुलबुलाची जोडी कुंपणावर ओरडत होती. मी गेले की ती येतील, म्हणून मी घरात आले, हातावरचं रक्त धुतलं, पाणी प्याले. दहा मिनिटंही झाली नसतील. बाहेर एकच कालवा उठला. बुलबुल, शिंपी, शिंजीर, सातभाई, सगळी एका सुरात. मी धावले तेव्हा टकाचोर आंब्याच्या फांदीवर बसला होता. त्याच्या चोचीत काय होतं ते बघायला मला कॅमेऱ्याची गरज पडली नाही. घरटं रिकामं होतं. मोडलेलं नाही, कलंडलेलं नाही. वाटी जशीच्या तशी, आत काही नाही.

मी तिथेच मिरच्यांच्या वाफ्यात बसले. मादी किडा घेऊन आली, घरट्याच्या काठावर उतरली, आत वाकून पाहिलं आणि किडा चोचीत धरून तशीच बसून राहिली. मग उडून गेली आणि पुन्हा तोच किडा घेऊन आली.

सुभद्राबाई टोपलीभर मोह घेऊन साडेआठला आल्या. मोहाचा गोड, जडसा वास अंगणात पसरला. त्यांनी ओरडा ऐकला, टोपली ठेवली आणि सरळ वाडीत गेल्या. मी मागे गेले नाही. त्यांचा आवाज आला, "लांबशेपट्यानं नेले. मुडदा बशिवला त्याचा." मग दगड आंब्याच्या पानांत आदळल्याचा आवाज.

खरं तर तेवढ्यावर भागलं असतं. टकाचोराचा तो धंदाच आहे, आणि फांदी वाऱ्यानेही मोडते. मी खाटेवर बसून हा विचार केला, हे लपवत नाही. पण आल्या दिवशी या बाईने "खरं सांगा" म्हटलं होतं आणि खरं ऐकून माझा हात धरला होता. मी उठून वाडीत गेले.

"सुभद्राबाई, फांदी मी मोडली. फोटोसाठी. सावली गेली, म्हणून त्याला दिसलं."

त्यांच्या हातात दगड होता. तो त्यांनी खाली टाकला. माझ्या हातावरच्या ओरखड्यांकडे पाहिलं.

"तुमाले सांगतलं होतं मी," त्या म्हणाल्या. एवढंच. मग लुगडं काठ्यांवरून सोडलं, घडी केली आणि आत गेल्या.

दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढलं, पाणी ठेवलं, पण नजर दिली नाही. मोह चटईवर पसरताना मी मदतीला बसले तर त्या उठून दुसरीकडे गेल्या. लहानूभाऊंना त्यांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. दुपारी ते जाळं विणत माझ्याजवळ येऊन बसले.

"काऊन जेवल्या नाई, बाई?"

मी त्यांच्या जाळ्याचं एक टोक धरलं.

"पाखराचं घर हाये, मोडते," ते जाळ्यावरून नजर न काढता म्हणाले. "त्या टकाचोराचे बी पिल्लं असतील कुठी. त्यायले बी खाले लागते. तुम्ही केलं थे चुकलं, पण तुम्ही सांगतलं. प्रतिभाच्या मायचा राग पाखराचा नाई जी." त्यांनी एक गाठ ओढून घट्ट केली. "तिनं मनात धरलं होतं. हे तिन्ही उडले का पोरीचं बी नीट होते, असं. मी म्हनलं तिले, असं धरू नये. पन ऐकते कोन."

सहा वाजता सुभद्राबाई नेहमीप्रमाणे काठाकडे निघाल्या. मला बोलावलं नाही. मी तरी गेले. मी ठरवलं होतं की फोन मागून घेईन आणि प्रतिभाला मीच सांगेन. त्या पालथ्या डोंग्यावर उभ्या होत्या, मी खाली. फोन वाजला.

"काय म्हनते माय? पिल्लं?"

मी हात पुढे केला. सुभद्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नदीकडे तोंड फिरवलं.

"हायेत. डोळे उघडले त्यायचे," त्या म्हणाल्या. "पिसं फुटून राह्यले. आज आईनं हिरवी अळी आनली. मोठी होती, जाईना त्याच्या घशात. मंग तिनं परत काढून घेतली, ठेचली, मंग देल्ली."

"मंग?"

"मंग काय, खाल्ली."

आवाज जरासुद्धा हलला नाही. फोन ठेवल्यावर त्या डोंग्यावरच खाली बसल्या. अळीचं ते सगळं आदल्या दिवशीचं होतं. मी पाहिलं होतं.

"तिले सांगू नका," त्या म्हणाल्या. सकाळनंतर माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "बाळंत होऊ द्या. मंग मी सांगीन. पलंगावर पडून पडून पोरगी नाई नाई थे विचार करते. हे आता तुमच्या-माझ्यात."

मी शेजारी बसले. नदीच्या धारेवरून बगळे परत चालले होते. त्यांनी माझा हात उलटा करून ओरखडे पाहिले आणि म्हणाल्या, "हळद लावली का नाई? पिकते लिंबाचा काटा." घरी जाऊन स्वतःच्या हाताने लावली.

चौथ्या दिवशी मी निघाले. माझ्याबरोबर त्यांनी सुकवलेले झिंगे, लाखोरीची डाळ, पोपटाचे वाळवलेले दाणे आणि बाळासाठी शिवलेली लहान गोधडी दिली. डोंग्यात बसताना मी पाहिलं, मोडलेली फांदी त्यांनी साफ कापून टाकली होती आणि रिकामं घरटं तसंच ठेवलं होतं. लहानूभाऊंनी काठावर उतरवलं, या खेपेला दोन्ही चपलांसकट. ते म्हणाले, "पुन्हा या, बाई." मी हो म्हटलं, पण मला पुन्हा बोलावतील अशी माझी खात्री नव्हती.

मिरजेला पोहोचले त्याच संध्याकाळी प्रतिभाने फोटो मागितले. मी दयाळ दाखवला, शिंजीर दाखवला, तिच्या वडिलांचा जाळं विणतानाचा फोटो दाखवला. तो तिने बराच वेळ धरून ठेवला. घरट्याचे फोटो नीट आले नाहीत असं मी सांगितलं. ती "असू दे" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पोपटाचे दाणे भिजवून मी वांग्यात टाकले, सुभद्राबाईंनी सांगितलं होतं तसे. त्या रात्री तिच्या ताटात काही उरलं नाही.

मग रोज सहा वाजता फोन, स्पीकरवर. मी बहुतेक वेळा तिथेच असे. सुभद्राबाई सांगत: आज पंख झटकले. आज एक काठावर येऊन बसलं, मग परत आत गेलं. मोठं आहे ते धाकट्याचा घास ओढतं. त्या बाईने आयुष्यभर जी जी पिल्लं पाहिली असतील, ती सगळी त्या रिकाम्या घरट्यात आणून बसवली होती. मी खाली मान घालून ऐकायची. प्रतिभा "मंग?" म्हणायची.

असे तीन आठवडे गेले. एका संध्याकाळी सुभद्राबाईंनी सांगितलं की आज पिल्लांनी पपईचा गर खाल्ला. प्रतिभाने फोन जवळ घेतला. मग हळूच म्हणाली, "माय, आता उडाली असतील नं थे?"

पलीकडे काही ऐकू येईना. रेंज गेली असं मला वाटलं.

"हो," सुभद्राबाईंचा आवाज आला. "आज सकाळीच उडाली. सांगाचं राह्यलं. तिन्ही."

"बरं झालं," प्रतिभा म्हणाली. "आता तू कपडे तिथी वाळवत जा. लांब जाऊ नको."

फोन ठेवून तिने उशीला पाठ टेकली आणि माझ्याकडे पाहिलं. "काकू, बुलबुलाची पिल्लं बारा-तेरा दिवसांत उडतात. मी त्याच वाडीत वाढले. माय एक महिना झाला त्यांना खाऊ घालते आहे. तिला थांबता येत नव्हतं." मग म्हणाली, "आता दाखवा फोटो. आहेत ना तुमच्याकडे?"

मी कॅमेरा आणला. तीन उघड्या चोची, किलकिले डोळे, पाठीवरचे कोंब, एकही पान आड नाही. इतका स्वच्छ फोटो मी त्याआधी काढला नव्हता. तिने तो पाहिला, मोठा करून पाहिला.

"किती जवळून काढलात," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. लुगडं, फांदी, केसांची पिन, पाणी प्यायला आत गेलेली ती दहा मिनिटं.

"मायला कधी सांगितलंत?"

"त्याच दिवशी. त्या मोह घेऊन आल्या, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत."

ती पोटावर हात ठेवून छताकडे पाहत होती. "मी आठ वर्षांची असताना एक घरटं उघडून बघितलं होतं," ती म्हणाली. "त्याच लिंबावर. मायनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तुमच्याशी किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत."

"पाहुण्यांना सूट," ती म्हणाली आणि कॅमेरा मला परत दिला.

मेच्या अखेरीला तिला मुलगी झाली. सुभद्राबाई आठ दिवस आधी आल्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लांबच्या गाडीने. मुलीला गोधडीत गुंडाळून त्या आमच्या गच्चीच्या दाराशी उन्हाला बसतात. समोरच्या गुलमोहरावर साळुंक्या येतात, बुलबुलही येतात. पिल्लांबद्दल आम्ही तिघी एकत्र असताना कधी बोललो नाही; बाळंतपणानंतर सांगीन म्हणालेल्या सुभद्राबाईंनी अजून विषय काढलेला नाही. प्रतिभाला सगळं माहीत आहे, हे तिच्या आईला अजून माहीत नाही, आणि ते सांगणं माझं काम नाही. मी आता पक्षी बघते ते खुर्चीत बसून, येतील तेवढे. पान आडवं आलं तर येऊ देते.